फॅमिली रूमचं कूळ

उरणच्या बाजारातून चारफाट्याला यावं आणि बोकडवीरा, नवघर, करळ, जासई असं पनवेलच्या दिशेनं निघावं. दोन्ही अंगांना हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. त्यांतल्या बऱ्याच पाट्यांवर नावाखाली एक ओळ ठरलेली असते : ‘फॅमिली रूमची सोय आहे.’ ही खोली कधी वरच्या मजल्यावर असते, कधी मागच्या बाजूला, तर कधी ती खोलीच नसते. प्लायवूडचं पार्टिशन, एक पडदा, सनमायकाची चार टेबलं आणि भिंतीवरचा पंखा एवढ्यावर भागवलेलं असतं. खाली पुरुष बसतात आणि आत बायकोला, पोरांना, क्वचित आईला घेऊन आलेला पुरुष बसतो. उरणच्या माणसांनी घराबाहेर जेवायला कधी सुरुवात केली, कुणाला घेऊन केली आणि कुणापासून लपून केली, हे सगळं त्या पार्टिशनला ठाऊक आहे. म्हणून त्याचंच कूळ शोधायचं.

आधी एक गैरसमज बाजूला सारतो. ‘पूर्वी आपल्याकडे बाहेर खायची पद्धत नव्हती’ असं जुनी माणसं ठणकावून सांगतात. ते खरं नाही. उरणची माणसं बाहेर भरपूर खात. हा तालुका खाडीचा, खाजणाचा, मिठागरांचा. हिवाळा सरत आला की आगरी माणसं मिठागरांवर जात आणि पावसाच्या तोंडापर्यंत तिथंच राबत. न्याहारी तिथंच होई. फडक्यात बांधलेली तांदळाची भाकर, सुकट नाहीतर भाजलेला बोंबील, कांदा आणि मिरची. मीठ मागायला दूर जावं लागत नसे. बाया डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहत आणि त्याच बांधावर बसून जेवत. भातलावणीचं आणि कापणीचं जेवणही शेतावरच. करंजा-मोऱ्याचे कोळी समुद्रावर गेले की भात आणि कालवण होडीतच रटरटे. घराच्या चार भिंतींत वर्षातली किती जेवणं व्हायची, हाच खरं तर विचारायचा प्रश्न.

बाहेर खाण्याचा थाट पाहायचा असेल तर पोपटीकडे यावं लागतं. पौष-माघाच्या थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मग मसाला चोळून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. थेंबभर पाणी नाही की तेल नाही. मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा, काटक्या, झावळ्या रचून पेटवायचं. अर्ध्यापाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र झालं की पोपटी झाली. मग आग बाजूला सारून मडकं उलटायचं आणि केळीच्या पानावर, नाहीतर सरळ वर्तमानपत्रावर, सगळ्यांनी हात घालायचे. पाल्याचा तो उग्र, कडवट-गोड वास दोन दिवस बोटांना राहतो. पोपटी घराच्या चुलीवर होत नाही. तिला उघडं शेत लागतं, रात्र लागते आणि दहा-पंधरा माणसं लागतात. एकट्यानं पोपटी लावलेली मी ऐकलेली नाही.

तिसरा प्रकार मांडवाचा. आगरी लग्नात हळदीची रात्र ही जेवणाची खरी रात्र. गावातले पुरुष मोठाले टोप चढवून मटण शिजवत, बाया ओळीनं चुली मांडून भाकऱ्या थापत नाहीतर वडे तळत आणि अख्खं गाव पंगतीला बसे. कुणी कुणाला किती वाढलं याचा हिशेब नसे. कुणाच्या घरून कोण जेवायला आलं नाही, याचा मात्र पक्का हिशेब असे आणि तो पुढच्या लग्नापर्यंत लक्षात राही.

तेव्हा बाहेर खाणं नवं नव्हे. नव्हतं ते पैसे टाकून खाणं. आणि एकट्या कुटुंबानं वेगळं बसून खाणं तर त्याहून नव्हतं. विकतचं शिजवलेलं अन्न हा संकटात सापडलेल्याचा आहार मानला जाई. तो कोर्टकचेरीला पनवेलला गेलेल्याचा, मुंबईत खोली करून राहणाऱ्याचा, बायको माहेरी गेलेल्याचा. गावात कुणी हॉटेलात भजी खाताना दिसला तर त्याला संध्याकाळी घरी ऐकावं लागे : “घरान भाकर नाय का?” या प्रश्नात कंजूषपणा नाही. त्यात घरच्या बाईची अब्रू आहे. नवरा हॉटेलात खातो याचा अर्थ गाव असा लावी की हिच्या हाताला चव नाही, नाहीतर हिच्या घरात तांदूळ नाही.

जातीचा अडसर होताच. हॉटेलात कपबशी कोण धुतं, शेजारच्या बाकावर कोण बसतं, याचा विटाळ मानणारी गावं कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात पुष्कळ होती. याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, मग चहाच्या दुकानांची काय कथा. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदा आला, तो याच अनुभवातून. हॉटेलातलं पहिलं पार्टिशन फॅमिलीचं नव्हतं. कुठं वेगळी कपबशी, कुठं बाहेरचं बाकडं, असं ते लाकडावाचून उभं असे.

आता फॅमिली रूमचा पणजोबा. तो मुंबईच्या एखाद्या नामांकित हॉटेलात सापडेल अशी अपेक्षा असेल, तर निराशा होईल. तो दारूच्या गुत्त्यात बसलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात उरणची ओळख दोन गोष्टींसाठी होती, मीठ आणि दारू. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (तेव्हा उरण ठाण्यात मोडत असे) इथल्या मिठागरांबरोबर दारूच्या भट्ट्यांची दखल आहे. भट्ट्यांचे मालक मुख्यतः पारशी. मोहाची सुकी फुलं बाहेरून यायची, उरणला त्यांची दारू गाळली जायची आणि पिंपं गलबतांत घालून मुंबईला रवाना व्हायची. सरकारला यातून अबकारी मिळे, म्हणून १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर घरोघरची दारू गाळणं आवळत नेलं आणि १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधन घातलं. परिणाम सरळ होता. जी दारू घरी, देवाला दाखवून, बायामाणसांसकट प्यायली जाई, ती घराबाहेर, ठेक्याच्या दुकानात गेली. तिथं पुरुष उरले. पैसे टाकून, घराबाहेर, घरच्यांवाचून काहीतरी पोटात घालण्याची उरणमधली पहिली ठरलेली जागा म्हणजे गुत्ता. सोबत चणे, उकडलेलं अंडं, तळलेला बोंबील. याला ‘हॉटेल’ म्हणायला कुणी तयार होणार नाही, पण उरणच्या हॉटेलांना चव आणि बदनामी दोन्ही तिथूनच मिळाल्या.

दुसरी शाखा समुद्रापलीकडची. मोरा बंदरातून लाँच सुटते ती भाऊच्या धक्क्याला लागते. मूळचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ च्या सुमारास बांधला. तासाभराचा प्रवास, पण वेळ ठरवणार भरती-ओहोटी. मोऱ्याला गाळ इतका की ओहोटीला लाँच धक्क्याला लागेना. उरणची माणसं गोदीत, कारखान्यात, कचेऱ्यांत नोकरी करायची ती या पाण्याच्या वेळापत्रकावर. परतीची लाँच चुकली की माणूस मुंबईला अडकला, आणि मुंबईला अडकलेला माणूस इराण्याकडे गेला. संगमरवरी टेबल, बाकदार लाकडी खुर्ची, पाणीकम चहा आणि ब्रून-मस्का. तिथं बाजूला किंवा वर माळ्यावर लाकडी केबिनी असत. बाईमाणूस बरोबर असेल तर आत जा. उरणच्या माणसानं फॅमिली रूम पहिल्यांदा पाहिली असेल तर ती इथं. मात्र तो एकटा असल्यामुळं आत गेला नाही.

बायका? त्या याच धक्क्यावर होत्या. मोऱ्याच्या आणि करंज्याच्या कोळणी पाट्या घेऊन भाऊच्या धक्क्याला जात, मासळी विकत, घेत, भाव पाडत. पहाटेच्या थंडीत धक्क्यावरचा चहा आणि पाव त्या उभ्यानं खात, पैसे कनवटीचे देत आणि कुणाच्या बापाची परवानगी मागत नसत. उरणमधल्या बाईनं स्वतःच्या पैशानं बाहेर खाण्याचा इतिहास इथं सुरू होतो. पण ते ‘कामावरचं खाणं’ म्हणून कुणी मोजलं नाही. जिला घरातून बाहेर नेऊन खाऊ घालतात, तीच ‘फॅमिली’ ठरली. जी आपलं आपण खाते ती नाही. पुढं पार्टिशन आलं तेव्हाही ते कोळणीसाठी नव्हतं.

मुंबईत राहून खानावळीत जेवणाऱ्यांना बाहेरच्या अन्नाचा वीटच आलेला असे. त्यांच्या लेखी सण म्हणजे घरी जाऊन जेवणं. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ते दिवस आषाढी अमावस्येचे, ज्या अमावस्येला आपण सरळ गटारी म्हणतो. श्रावण लागायच्या आधी घरी पोहोचून दोन घास सामिष खावेत म्हणून निघालेले लोक तिच्यात होते. रेवस म्हणजे करंज्याच्या समोरचं बंदर. त्या पिढीत घरच्या जेवणासाठी माणसं वादळी समुद्रात उतरत. हॉटेल हा आनंदाचा भाग नव्हता.

मग दारूबंदी आली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि पूर्ण बंदी १९५० पासून. गुत्ते बंद झाले आणि धंदा कांदळवनात शिरला. खाडीकाठचा चिखल आणि तिवरांची दाटी हातभट्टीला सोयीची होती. मोरारजी देसाईंचा हा कायदा साठच्या दशकात सैलावला तेव्हा दारू परत आली, पण एका अटीवर : परवाना असलेल्यानं, ठरावीक जागेत बसून प्यायची. त्या जागेचं नाव परमिट रूम. १९७३ मध्ये देशी दारूचेही नियम झाले आणि ती उघड दुकानांत आली.

इथं आपल्या खोलीचा जन्म होतो. उपाहारगृहवाल्याला परमिट रूमचा परवाना मिळाला की त्याच्याकडे दोन जागा तयार होत. एक पिणाऱ्यांची. मग उरलेल्यांनी बसायचं कुठं? मुंबई, ठाणे, पनवेलच्या पट्ट्यात जिथं जिथं शेट्टी मंडळींनी आणि त्यांचं पाहून इतरांनी हॉटेलं काढली, तिथं परमिट रूमच्या पाठोपाठ फॅमिली रूम आली. या जुळ्या बहिणी आहेत. पहिली नसती तर दुसरीची कुणाला गरज पडली नसती. इराण्याच्या केबिनीनं तिला रूप दिलं, गुत्त्यानं कारण दिलं.

उरणला हे सगळं एकदम ओतलं गेलं ते सत्तर-ऐंशीच्या दशकांत. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि त्याचा किनाऱ्यावरचा प्रकल्प उरणला झाला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोनं नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन घ्यायला काढली होती. वायू विद्युत केंद्र आलं. भारत पेट्रोलियमचा गॅस भरणा प्रकल्प आला. २६ मे १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि शेव्याच्या कोळ्यांना आपलं गाव सोडून दुसरीकडे बसावं लागलं. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात जासई आणि नवघरच्या परिसरात पाच माणसं गेली. त्यातून पुढं १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

जेवणाच्या गोष्टीत गोळीबार कशाला, असं कुणी म्हणेल. पण शेत गेलं की शेतावरचं जेवण जातं. मिठागर बुजलं की बांधावरची न्याहारी संपते. खाजणात भराव पडला की जिताडा दुर्मिळ होतो. (हा मासा एकेकाळी इतका मानाचा की रायगडात कचेरीतलं अडलेलं काम जिताडा पाठवल्यावर हलतं असं सर्रास म्हणत. आता ज्याचं काम अडलंय त्यालाच तो परवडत नाही.) आणि त्याच वेळी हातात रोख पैसा आला. नोकरीचा पगार, साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला दिल्याचे पैसे, कंटेनर यार्डातलं कंत्राट. शेतावर जेवणारं कुटुंब आता ब्लॉकच्या बंगल्यात राहू लागलं आणि रविवारी काय करायचं हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. मिठागराला रविवार नसतो.

रस्त्याची हॉटेलं मात्र या कुटुंबासाठी उघडली नव्हती. ती ट्रकवाल्यांसाठी होती. बंदर सुरू झालं तसे देशभरचे ड्रायव्हर आले आणि त्यांच्यामागून पंजाबी-उत्तर भारतीय धाबे आले. दाल, तंदुरी रोटी, खाटेवर बैठक. ओएनजीसी आणि बंदराच्या वसाहतींत तमिळ, मल्याळी, बंगाली, ओडिया कुटुंबं राहायला आली, त्यांच्यासाठी डोसा आला. नव्वदच्या दशकात चायनीजची लाल गाडी नाक्यावर उभी राहिली. नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत बनवलेलं चिकन मांचुरियन चर्चगेटहून उरणच्या नाक्यावर यायला वीसेक वर्षं लागली असतील, पण आल्यावर ते असं रुळलं की हळदीच्या मांडवात स्टार्टर म्हणून फिरू लागलं. वडापाव त्याआधीच पोहोचला होता, त्याला फॅमिली रूम लागत नाही.

अशा ट्रक, बार आणि धाब्यांच्या रस्त्यावर घरच्या बाईला घेऊन जायचं तर आडोसा हवाच. नव्वदनंतर पनवेलभोवती डान्सबार इतके वाढले की प्रश्न विधानसभेत गाजला आणि २००५ मध्ये राज्यात बंदी आली. न्यायालयात ती पुढं टिकली नाही हा भाग वेगळा. त्या काळात ‘फॅमिली’ या पाटीला प्रमाणपत्राचं मोल आलं. ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ असं जोडनाव पाटीवर चढलं. गंमत अशी की पाटी कुटुंबाला बोलवायला कमी आणि गावाला आश्वासन द्यायला जास्त होती. सरपंचाला, पोलिसाला, बायकोला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली, तेव्हा रस्त्याकडेच्या अशा हॉटेलांना काही महिने नुसती ‘फॅमिली’च उरली. नंतर नगरपालिका हद्दींना सूट मिळाली आणि जोडनाव पुन्हा जुळलं.

आत काय चालायचं? पडदा सारून वेटर यायचा आणि पाण्याचे ग्लास ठेवून पुरुषाकडे बघायचा. मेन्यूकार्ड पुरुषाच्या हातात. बायकोला विचारलं तर ती म्हणणार, “तुम्हाला काय पाहिजे ते मागवा.” पोरांना नूडल्स. मग चिकन कढाई, बटर रोटी, आईला भात आणि डाळ. मासे कुणी मागवत नसे. उरणच्या बाईला मासा दाबून, कल्ला उघडून, डोळा पाहून घ्यायची सवय. स्वयंपाकघरातून शिजून, ग्रेव्हीत बुडून आलेला पापलेट कोणत्या दिवसाचा, हे तिला पहिल्या घासात कळतं आणि ती ते बोलून दाखवते. म्हणून मासेमारीच्या या तालुक्यात हॉटेलात जाणारं कुटुंब कितीतरी वर्षं समुद्राकडे पाठ करून पनीर खात होतं. मला यात विसंगती वाटत नाही. जे घरी चांगलं होतं ते बाहेर कशाला खायचं? बाहेर जायचं ते घरी जमत नाही त्यासाठी, आणि घरी तंदूर नव्हता.

आणखी एक जमत नव्हतं : बसून जेवणं. घरी बाई सगळ्यांना वाढून शेवटी, उरलेल्या कालवणात भाकर बुडवून जेवते. फॅमिली रूममध्ये ती नवऱ्यासमोर बसे आणि दोघांची ताटं एकदम येत. सुरुवातीला तिला ते जड जाई. ती वेटरच्या हातून भांडं घेऊन स्वतःच वाढू लागे. आजही पाहा, वाढायला वेटर उभा असला तरी डाव तिच्याच हातात जातो. पण ती बसलेली असते. त्या प्लायवूडच्या खोलीचं जे काही देणं आहे ते एवढंच, आणि ते लहान नाही.

मासे हॉटेलात आले ते उलट्या वाटेनं, मुंबईकरांमुळं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘आगरी-कोळी खानावळ’, ‘घरगुती जेवण’, ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या वाढल्या. आगरी-कोळी महोत्सवांनी त्या चवीला शहरात गिऱ्हाईक तयार केलं होतंच. शिजवणाऱ्या गावातल्याच बाया. एकीकडे बचतगटांतल्या बायका तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या बायांच्या श्रमाला नाव दिलं होतं. उरणला त्याच श्रमाला नगावर भाव मिळू लागला. चुलीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. ज्या तालुक्यात ओएनजीसी स्वयंपाकाचा गॅस काढते आणि भारत पेट्रोलियम सिलिंडर भरते, तिथल्या घरातून धुराला कंटाळून चूल गेली. आता त्याच घरची माणसं गाडी काढून, धूर डोळ्यांत घेत, चुलीवरचं मटण खायला पैसे मोजतात. चूल फुंकणारी बाई मात्र बदललेली नाही. ती पूर्वी स्वतःच्या घरी फुंकायची.

तालुक्यातलं एक गाव या कथेत उलटं उभं आहे. घारापुरी. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांचं हे बेट उरण तालुक्यातच येतं. १९८७ मध्ये इथली लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि पायऱ्यांच्या दुतर्फा बेटावरच्या लोकांनी टपऱ्या, उपाहारगृहं मांडली. सकाळी गेटवेवरून येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालायचं आणि शेवटची बोट गेली की आवरून घरी भात खायचा. पाहुण्यांना बेटावर रात्री राहता येत नाही आणि सोमवारी लेणी बंद. जिथं कायमची वीज २०१८ च्या फेब्रुवारीत पोहोचली, तिथं हॉटेलं कितीतरी आधीपासून होती. पण बेटावरचं कुटुंब रविवारी जेवायला बाहेर जाणार कुठं? सगळं बाहेर त्यांच्याकडेच जेवायला आलेलं असतं.

उरणच्या हॉटेलांचं वर्ष पंचांग ठरवतं. गटारीला खुर्ची मिळत नाही, दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की मालक रंगकाम काढतो. मार्गशीर्षातले गुरुवार पनीरचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा थाळीतला मासा बर्फातला हे गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि मालकालाही माहीत असतं की गिऱ्हाइकाला माहीत आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जातात, पण अर्धा श्रावण बाकी असतो. मासा येतो आणि खाणारा नसतो, असे काही दिवस दरवर्षी येतात.

१२ जानेवारी २०२४ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. शिवडीहून निघून चिर्ल्याजवळ उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरपर्यंत आलेली लोकल उरणपर्यंत पोहोचली. सेतूवरून मुंबईच्या गाड्या मटण-भाकरीसाठी इकडे येऊ लागल्या. लोकलनं उरणची पोरं, आणि त्यांच्यामागून आया, सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊ लागल्या. मॉलच्या फूडकोर्टला पार्टिशन नाही. शेकडो अनोळखी माणसांच्या मधोमध आई बसते, ट्रे समोर ठेवते आणि पिझ्झा हातानं तोडते. तिला कुणी ओळखत नाही, म्हणून आडोशाची गरज नाही. चारफाट्यावर मात्र प्रत्येक दुसरा माणूस भाचा नाहीतर जावेचा भाऊ निघतो.

तरी उरणच्या हॉटेलांतलंही पार्टिशन निघतंय. मला आधी वाटायचं, नवी पिढी लाजत नाही म्हणून असेल. एका हॉटेलमालकानं सांगितलेलं कारण वेगळं आणि जास्त पटणारं आहे : चौघांच्या टेबलावर इथलं कुटुंब मावतच नाही. नवरा-बायको-दोन पोरं असं चित्र पाटीवर असतं. प्रत्यक्षात आई, काकी, धाकटा दीर, त्याची बायको, नणंद आणि तिची पोरं अशी चौदा माणसं दोन गाड्यांतून उतरतात. केळवण असलं तर वीस. पूर्वी नवऱ्या मुलाला किंवा नवरीला नातेवाईक घरी बोलावून केळवण करत, पाट-रांगोळी करून, अंगणात पंगत घालून. आता आमंत्रण मोबाईलवर लोकेशन पाठवून येतं आणि केळवण ‘एसी हॉल’मध्ये होतं. घरच्या सुनांना वीस माणसांचं रांधावं लागत नाही, त्यामुळं या बदलाला घरातून विरोध झाल्याचं ऐकिवात नाही. हॉटेलवाल्यानं प्लायवूड काढलं, फॅमिली रूमची चार टेबलं एकाला एक जोडली आणि वर सजावटीचे फुगे लावले.

जोडलेल्या टेबलाची बैठक पाहण्यासारखी असते. दरवाजाकडच्या टोकाला पुरुष, त्यांच्यासमोर सुरमई तवा आणि मांचुरियन. मध्ये पोरं मोबाईल घेऊन. भिंतीकडच्या टोकाला बाया आणि आजी. त्या टोकाला आधी सुरमईचा तुकडा परतवला जातो, “ही कालची हाय” असं सांगून, आणि मग कुणीतरी भाकऱ्या किती मागवायच्या ते मोजायला घेते. बिल आलं की दोन व्याही पाकीट काढून उभे राहतात, एकमेकांचा हात धरतात आणि वेटर मशीन घेऊन थांबतो. पैसे शेवटी कोण देतं हे महत्त्वाचं नसतं. पण कुणी किती वेळ हात धरला, ते भिंतीकडच्या टोकाला बरोबर मोजलेलं असतं.